‘एकही चूक नाही’? मग भिक्खू सुगीनं काय केलं?

दक्षिण कोरियातल्या हेइन्सा मठात त्रिपिटकाच्या, म्हणजे बौद्ध धर्मग्रंथांच्या अख्ख्या संचाच्या, लाकडी छपाईफळ्या आहेत. त्यांच्याबद्दल एक मजकूर सगळीकडे फिरतोय: ‘जगातला सर्वांत जुना छापील त्रिपिटक. ५,२३,३०,१५२ अक्षरं, एकही चूक नाही. जणू एकाच हातानं कोरलेला, ८०० वर्षं चमत्कारानं टिकलेला.’ या फळ्यांवर माझा जीव आहे, म्हणूनच हे कौतुक सलतं.

आधी आकडा. फळ्या ८१,२५८ धरल्या जातात. एका बाजूला २३ ओळी, ओळीत १४ अक्षरं. दोन्ही बाजू मिळून ६४४. गुणाकार करून पाहा, नेमकं हेच उत्तर येतं. म्हणजे यात अक्षरं मोजलेली नाहीत, प्रत्येक फळी काठोकाठ भरलेली धरली आहे. प्रत्यक्षात गाथांच्या ओळींत जागा सुटते, ग्रंथ संपला की उरलेल्या ओळी कोऱ्याच राहतात.

सर्वांत जुना तर नाहीच. चीनमध्ये सोंग राजवटीत ९७१ ते ९८३ दरम्यान अख्खा संच कोरून झाला होता. कोरियाच्या गोर्यो राजवटीनंही अकराव्या शतकात आपला संच कोरला; तो १२३२ साली मंगोल स्वारीत जळाला. आजचा संच त्यानंतरचा, मुख्यतः १२३७ ते १२४८ मधला.

टिकण्यात चमत्कार कसला? प्रत्येक फळीच्या दोन्ही टोकांना जाड पट्ट्या ठोकल्या आहेत, त्यामुळे फळ्या एकमेकींना चिकटत नाहीत, वाकतही नाहीत. कोठारात पुढच्या भिंतीला खालची खिडकी मोठी, वरची लहान. मागच्या भिंतीला नेमकं उलटं. आत आलेली हवा सगळीकडे फिरूनच बाहेर पडते. ही सुतारांची अक्कल आहे, श्रेय त्यांना द्या.

‘एकाच हाताचं’ म्हणणं तर सरळ अन्याय आहे. अक्षरांचं वळण एकसारखं राहील याची काळजी घेतली होती, पण कोरणारे पुष्कळ होते. त्यांतल्या कित्येकांनी फळीच्या कडेला आपलं नावही कोरलंय. ती नावं आजही वाचता येतात.

आता ‘एकही चूक नाही’. चुका सापडल्या आहेत. कोरताना अक्षर चुकलं की तेवढा भाग काढून तिथं लाकडाचा नवा तुकडा बसवायचा, ही या कामातली रीतच. पण या दाव्यात खरी हानी होते ती या संचाचा मजकूर तपासणाऱ्या भिक्खू सुगीची. त्यानं सहकाऱ्यांसह सोंग प्रत, खितानांची (चीनच्या उत्तरेकडच्या ल्याओ राजवटीची) प्रत आणि जळालेल्या संचाची छापील प्रत समोर ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहिली. कुठे मजकूर गळलाय, कुठे भलताच घुसलाय, आपण कोणता पाठ घेतला आणि का, हे सगळं त्यानं ३० खंडांत लिहून ठेवलं आणि तेही फळ्यांवर कोरवून घेतलं. मंगोल देश जाळत असताना! म्हणून तर टोकियोत १९२४ पासून निघालेल्या तैशो त्रिपिटकानं, म्हणजे चिनी भाषेतल्या बौद्ध ग्रंथांच्या आधुनिक छापील आवृत्तीनं, हीच प्रत पायाभूत धरली, आणि इतर प्रतींतले पाठभेद पानोपानी तळटीपांत दिले.