अधिवेशन ऐतिहासिकच होते

आपण टेक्ससच्या प्रतिनिधिगृहावर रिपब्लिकन पक्षातर्फे पहिल्यांदाच निवडून आला आहात, २०२५चे अधिवेशन उरकून राज्याच्या राजधानीहून, ऑस्टिनहून, घरी परतला आहात आणि आता मतदारांना अहवालपत्र पाठवायचे आहे, असे घटकाभर धरून चालू. डॅलसच्या उत्तरेकडील उपनगरात राहणाऱ्या माझ्या पत्रपेटीत अशी पत्रे नेमाने येतात, आणि गावाकडे असताना नगरसेवकाचा गुळगुळीत कागदावरचा कार्यअहवाल ज्या भक्तिभावाने वाचत असे, त्याच भावाने मी ती वाचतो. तेवढ्या अधिकारावर काही सूचना करण्याचे धाडस करतो.

पहिल्याच वाक्यात अधिवेशन ऐतिहासिक होते असे लिहावे. टेक्ससचे विधिमंडळ दोन वर्षांतून एकदा, विषम सालात, १४० दिवस भरते. त्यामुळे मागचे ऐतिहासिक अधिवेशन लोकांच्या विस्मरणात गेलेले असते आणि शब्द पुन्हा नवा होतो. त्याखाली गुलाबी ग्रॅनाइटच्या कॅपिटॉल इमारतीसमोर उभे राहून काढलेला आपला फोटो छापावा. आपले मानधन महिन्याला ६०० डॉलर आहे, हे सहज बोलल्यासारखे कोठेतरी सांगावे. त्यागाची नोंद आपणच ठेवली नाही, तर ती दुसरे कोणी ठेवत नाही.

त्यानंतर प्राधान्यक्रम. येथे एक शब्द समजून घेणे आवश्यक आहे. टेक्ससच्या राज्यघटनेनुसार अधिवेशनाच्या पहिल्या ६० दिवसांत विधेयके मंजूर करता येत नाहीत, मुख्य अपवाद राज्यपालांनी आणीबाणीचे म्हणून घोषित केलेल्या विषयांचा. आपल्या मराठी कानांना आणीबाणी म्हटले की १९७५ आठवते. ऑस्टिनमध्ये हा शब्द इतका भीतिदायक नाही. राज्यपाल ग्रेग ॲबट (येथे राज्यपाल लोकांतून निवडून येतात) यांनी २०२५ साली सात आणीबाण्या घोषित केल्या, त्यांत पाणी होते, शिक्षकांचे पगार होते, जामिनाचे नियम होते आणि खाजगी शाळेची फी सरकारी तिजोरीतून भरण्याची योजनाही होती. या शेवटच्या आणीबाणीवर पत्राचा सर्वांत मोठा परिच्छेद खर्च करावा. योजनेचा आरंभ एक अब्ज डॉलरने होणार आहे आणि खाजगी शाळेत जाणाऱ्या मुलामागे साधारण १०,००० डॉलर मिळणार आहेत, हे आकडे ठळक छापावेत. २०२३ साली ग्रामीण भागातील मंडळींसह २१ रिपब्लिकन आमदारांनी डेमोक्रॅटांच्या बाजूने मत देऊन हीच योजना पाडली होती, पुढच्या वर्षीच्या प्रायमरीत (म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत) खुद्द राज्यपालांनी आपल्याच पक्षाच्या त्या आमदारांविरुद्ध प्रचार केला आणि त्यांतले बरेच जण घरी बसले, हे छापू नये. त्या सुमारास पेनसिल्व्हेनियातील एका धनिकाने राज्यपालांच्या प्रचारनिधीला ६० लाख डॉलर दिले होते, तेही छापू नये. कारण पुढच्याच परिच्छेदात आपल्याला लिहायचे आहे की टेक्ससचे निर्णय टेक्ससच्याच लोकांनी घेतले पाहिजेत.

हा पुढचा परिच्छेद म्हणजे पत्राचा कणा, म्हणून येथे घाई करू नये. सरकार लहान असावे आणि लोकांच्या जवळ असावे, हे तत्त्व आपण येथे मांडणार आहात. तत्त्व निर्दोष आहे, मलाही ते मनापासून पटते. फक्त लोकांच्या सर्वांत जवळचे सरकार म्हणजे ऑस्टिन, ही व्याख्या मनात पक्की असू द्यावी. वॉशिंग्टनने टेक्ससला हुकूम सोडला तर तो जुलूम असतो आणि ऑस्टिनने डॅलसला सोडला तर ती सुसूत्रता असते. डेंटन गावाच्या नागरिकांनी २०१४ साली मतदान करून गावाच्या हद्दीत खडक फोडून वायू काढण्यास बंदी घातली होती. दुसऱ्याच वर्षी विधिमंडळाने कायदा करून डेंटनकरांना त्यांच्या स्वतःच्या मतातून सोडवले. लारेडो शहराने प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर निर्बंध आणले, ते राज्याच्या कायद्यापुढे टिकत नाहीत असा निकाल राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिला. बांधकाम मजुरांना चार तासांनी दहा मिनिटे विसावा आणि पाणी मिळावे असा नियम ऑस्टिन व डॅलस या शहरांनी केला होता. अशा नियमांवर गदा आणणारा कायदा २०२३ साली झाला, आणि ज्यांनी टेक्ससचा जुलै अंगावर घेतला आहे त्यांना त्या दहा मिनिटांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. ही उदाहरणे पत्रात घालावीत असे माझे म्हणणे नाही. व्यवसायांवरील निर्बंधांचे जंजाळ दूर केले, एवढे एक वाक्य पुरते. जंजाळ कोणाचे होते आणि त्यात पाण्याची बाटली होती की काय, असे वाचक सहसा विचारत नाही.

प्रॉपर्टी टॅक्सचा परिच्छेद सोपा आहे. टेक्ससमध्ये उत्पन्नावर राज्याचा कर नाही, त्यामुळे मोठा भार घरावर पडतो आणि दर वर्षी मूल्यांकनाची नोटीस आली की संपूर्ण गल्लीचा रक्तदाब वाढतो. तेव्हा येथे आकडा मोठा हवा: सुमारे ३३८ अब्ज डॉलरच्या द्विवार्षिक अर्थसंकल्पात ५१ अब्ज करसवलतीसाठी. यातला मोठा भाग आधीच दिलेली सवलत चालू ठेवण्यासाठी आहे, या तपशिलाने वाचकाचा आनंद कमी करू नये. जेवू घातलेल्या पाहुण्याला मागच्या वेळच्या जेवणाचीही आठवण करून देणे यात काही गैर नाही. राहत्या घराच्या मूल्यातील शाळेच्या करातून वगळली जाणारी रक्कम १,००,००० वरून १,४०,००० डॉलरवर गेली, हे मात्र खरेच झाले, आणि नोव्हेंबर २०२५च्या मतदानात लोकांनी त्यावर शिक्काही मारला. भाडेकरूंना यातून थेट काही मिळत नाही; पण भाडेकरूंचे पत्ते सारखे बदलतात, त्यांना पत्र पोचेलच असे नाही.

आता धर्म. सरकारने पालक आणि मूल यांच्या मध्ये येऊ नये, हे वाक्य आपण शाळानिवडीच्या परिच्छेदात लिहून बसला आहात. त्यामुळे त्याच अधिवेशनात प्रत्येक सरकारी शाळेच्या प्रत्येक वर्गात बायबलमधील दहा आज्ञांचा फलक लावण्याचा कायदा झाला, हे दोन परिच्छेद सोडून लिहावे. फलक किमान १६ इंच रुंद आणि २० इंच उंच असावा, वर्गात कोठूनही वाचता यावा आणि त्यावरचा मजकूर कायद्यात दिला आहे तोच असावा. पालकाला शाळा निवडता येते. भिंत निवडता येत नाही. प्रतिनिधिगृहाने या विधेयकावरचे पहिले मतदान शनिवारी आणि अखेरचे रविवारी केले. शब्बाथ (ज्यूंचा शनिवार, बहुतेक ख्रिश्चनांचा रविवार) पवित्र मानून त्या दिवशी काम बंद ठेवावे ही त्या दहांपैकीच एक आज्ञा असल्याने, जेम्स टॅलारिको या डेमोक्रॅट आमदाराने त्याकडे सभागृहाचे लक्ष वेधले. सभागृहाने आपले काम पुढे चालू ठेवले. आपण त्या वेळी बटण दाबले असल्यास पत्रात वार न लिहिता केवळ तारीख लिहावी.

येथे एक घरगुती अडचण सांगतो. हा कायदा १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला, आणि त्या वर्षी गणेशचतुर्थी २७ ऑगस्टला होती. म्हणजे आमच्या भागातली मराठी मुले रविवारी सभागृह भाड्याने घेऊन शाडूचा गणपती करायला बसणार आणि आठवडाभर, कोरलेली मूर्ती करू नये अशी आज्ञा भिंतीवर वाचणार, असा योग विधिमंडळाने जुळवून आणला होता. त्यापूर्वीच, ऑगस्टमध्ये, ख्रिस्ती, ज्यू, हिंदू आणि निधर्मी कुटुंबांनी मिळून केलेल्या दाव्यात सॅन अँटोनिओच्या संघीय न्यायाधीशांनी प्लेनो आणि फोर्ट बेंडसह अकरा स्कूल डिस्ट्रिक्टना (सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थांना) हे फलक लावण्यास तात्पुरती मनाई केली आणि मग प्रकरण अपिलात गेले. आपल्या मतदारसंघात आमच्यासारख्यांची संख्या मोठी असेल, तर या परिच्छेदाशेजारी मंदिरात शाल पांघरून काढलेला फोटो टाकावा. आम्ही समजूतदार माणसे आहोत. आमच्यापैकी पुष्कळांना करसवलतीपुढे भिंत दिसत नाही, आणि शाल तर आम्हीच दिलेली असते.

जे झाले नाही ते कसे लिहावे, यात खरे कौशल्य आहे. उपराज्यपाल डॅन पॅट्रिक यांनी टीएचसीयुक्त (गांजातील नशा आणणारे द्रव्य असलेल्या) पदार्थांवर संपूर्ण बंदी घालण्याचा ध्यास घेतला होता. हा बाजार वाढला तो २०१९च्या ज्या हेम्प (नशा न आणणारी भांग) कायद्यातील पळवाटेतून, तो कायदा याच विधिमंडळाने केला होता. बंदीचे विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर झाले आणि २२ जून २०२५च्या रात्री, मुदतीची शेवटची घटका भरत असताना, राज्यपालांनी ते नाकारले. पुढे विशेष अधिवेशनांतही गाडे अडले. म्हणजे एक परंपरावादी नेता बंदी मागतो आहे, दुसरा परंपरावादी नेता ती न्यायालयात टिकणार नाही म्हणतो आहे, आणि आपण दोघांच्या मध्ये पत्र घेऊन उभे आहात. अशा वेळी आपण मुलांच्या सुरक्षिततेच्या बाजूने मत दिले, असे लिहून परिच्छेद संपवावा.

एका विषयावर मात्र थट्टा सुचत नाही, तरी सूचना द्यावी लागते. आपत्तीच्या इशाऱ्यांची यंत्रणा सुधारण्यासाठी आणि त्यासाठी स्थानिक संस्थांना अनुदान देण्यासाठी एक विधेयक त्या वसंतात प्रतिनिधिगृहाने मंजूर केले आणि सिनेटमध्ये, म्हणजे वरच्या सभागृहात, ते विरून गेले. ४ जुलैच्या पहाटे ग्वाडालूप नदीला पूर आला आणि शंभराहून अधिक माणसे गेली. ते विधेयक मंजूर झाले असते तरी सप्टेंबरपूर्वी लागू झाले नसते, असे सांगण्याची सोय आहे. ती वापरली जातेच, आपणही वापरा. पुढे दुसऱ्या विशेष अधिवेशनात मुलांच्या शिबिरांच्या सुरक्षिततेचे आणि पुराचा इशारा देणाऱ्या भोंग्यांसाठी पैशांचे कायदे झाले, ते ठळक अक्षरांत द्या. त्याच वसंतात न्यू यॉर्क स्ट्रिप या मांसाच्या तुकड्याला यापुढे टेक्सस स्ट्रिप म्हणावे, असा ठराव करण्यास सिनेटला वेळ मिळाला होता, हे मात्र मागच्या पानावर घ्या.

डेमोक्रॅट आमदारांची पत्रे याच साच्यातून निघतात, हे न्यायासाठी सांगितले पाहिजे. ऑगस्टमध्ये मतदारसंघांचा नवा नकाशा अडवायचा म्हणून, गणपूर्ती मोडण्यासाठी त्यांतले बरेच जण इलिनॉय राज्यात गेले, १५० पैकी आवश्यक ते १०० सदस्य हजर होत नसल्यामुळे सुमारे दोन आठवडे सभागृह ठप्प झाले, आणि शेवटी परत येऊन त्यांनी जे घडणार होते ते घडताना पाहिले. त्यांच्याही पत्रात अधिवेशन ऐतिहासिकच आहे; फक्त फोटो शिकागोजवळचा आहे.

शेवटी पत्त्यांचे पाहावे. ज्या नकाशासाठी हे सारे रामायण झाले, त्यावर २९ ऑगस्टला राज्यपालांची सही झाली. वॉशिंग्टनमध्ये पाठवायच्या जागांपैकी आणखी पाच रिपब्लिकन पक्षाकडे याव्यात अशा बेताने त्यातील रेषा आखलेल्या आहेत, आणि त्यांपैकी एखाद्या जागेवर आपला डोळा असणे स्वाभाविक आहे. तसे असेल तर छापखान्याला जुनी यादी देऊ नये. ज्यांनी आपल्याला ऑस्टिनला पाठवले, त्यांतले निम्मे कदाचित नव्या रेषेच्या पलीकडे राहतात आणि त्यांना पाठवलेले प्रत्येक पत्र हा निव्वळ टपालखर्च आहे. प्रायमरीची तारीख ३ मार्च २०२६, आणि नव्या मतदारांना आपण त्यांचे जुने शेजारी आहोत हे अजून कळवायचे आहे.