चार फुटी टाकी, पाच ड्वार्फ सिक्लिड: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुम्ही इतकं सविस्तर आणि तिखट लिहिलंय की दोन ओळींत उत्तर देणं बरं दिसलं नसतं. तुमचा मुद्दा असा: तुमच्या चार फुटी टाकीत सिक्लिड कुळातले पाच छोटे, म्हणजे ड्वार्फ, मासे वर्षभर एकत्र आहेत: कॅकाटुओइडिस, अगासिझी, मॅकमास्टेरी, विएजिता (हे चारही अपिस्टोग्रामा, म्हणजे अपिस्टो) आणि ब्लू रॅम. एकही मासा मेला नाही. अ‍ॅमेझॉनमध्ये हे सगळे एकत्रच राहतात, दुकानातही राहतात. तेव्हा ‘दोन अपिस्टो जाती एका टाकीत ठेवू नका’ असं सांगून मी नवख्यांना उगाच घाबरवतो.

आधी नदीचं बघू. तुमच्या यादीतले सगळे अ‍ॅमेझॉनचे नाहीतच. ब्लू रॅम ओरिनोकोच्या खोऱ्यातला, व्हेनेझुएला-कोलंबियातल्या तापलेल्या गवताळ मैदानांतला. मॅकमास्टेरी आणि विएजिता कोलंबियात, मेटा नदीच्या बाजूला. कॅकाटुओइडिस पेरूकडचा. अगासिझी तेवढा पेरूपासून थेट अ‍ॅमेझॉनच्या मुखाकडे पसरलेला. एकाच ओढ्यात दोन-तीन अपिस्टो सापडतात हे तुमचं म्हणणं मात्र खरं आहे. पण तिथे पाचोळ्याचा थर लांबच लांब पसरलेला असतो, मार खाल्लेला मासा निघून जातो आणि विषय संपतो. तुमच्या टाकीचा तळ चार बाय दीड, म्हणजे सहा चौरस फूट. वर अडीचशे लिटर पाणी असेल, पण अपिस्टो लिटर मोजत नाही, तो जमीन मोजतो.

दुकानाचं उदाहरण तर सोडूनच द्या. एसटी स्टँडवर कुणी संसार मांडत नाही, म्हणून तिथे जागेवरून फारशी भांडणंही होत नाहीत. दुकानातल्या टाकीत ना बीळ, ना वाळू, ना पाचोळा. राखण्यासारखं काही नाही, मग राखणार काय?

खरी गोष्ट सुरू होते मादी अंड्यावर आली की. सगळे नराच्या पंखांकडे बघतात, पण टाकी चालवते ती मादी. कॅकाटुओइडिसची एरवी मळकट करडी दिसणारी मादी हळदीसारखी पिवळी होते, अंगावर काळ्या खुणा उठतात. करवंटीच्या आत, छताला अंडी चिकटवते आणि दारात बसते. ज्या नराबरोबर जोडी जमवली त्यालाही आत येऊ देत नाही. पिल्लं बाहेर पडली की पोटाखालचे पर झटकन उघडमीट करून त्यांना इशारा देते आणि सगळी पिल्लं जागच्या जागी वाळूला चिकटतात. त्या वेळी तिच्या दुप्पट आकाराचा मासा आला तरी ती अंगावर जाते. अशा दोन वेगवेगळ्या जातींच्या माद्या सहा चौरस फुटांत एकाच आठवड्यात पिवळ्या झाल्या, तर तिसऱ्या जातीने जायचं कुठे?

‘एकही मेला नाही’ ही कसोटी मला म्हणूनच पुरेशी वाटत नाही. अपिस्टोचं आयुष्यच साधारण दोन-तीन वर्षांचं, त्यात दबून काढलेलं एक वर्ष बरंच मोठं झालं. एकदा खायला न घालता अर्धा तास टाकीसमोर बसा. हीटरच्या मागे, पाण्याच्या वरच्या थरात, पंख अंगाला चिकटवून कुणी थांबलंय का? अपिस्टो तळाचा मासा. तो वर लटकलेला दिसला की समजावं, खाली त्याला जागा उरलेली नाही. खाणं टाकल्यावर तोही धावत येतो, म्हणून आपल्याला सगळं आलबेल वाटतं.

‘माझ्याकडे संकर झालाच नाही’ असंही तुम्ही लिहिलंय. तुमचं पाणी बोअरचं आहे, म्हणजे बहुधा जड. अशा पाण्यात अगासिझीची अंडी सहसा फुटत नाहीत, आणि फुटलीच तरी भरल्या टाकीत पिल्लं रात्रीतून संपतात. तेव्हा ‘झाला नाही’ आणि ‘दिसला नाही’ यांत फरक करायला हवा. शिवाय बाजारात विएजिता म्हणून मिळणारे कितीतरी मासे मुळात मॅकमास्टेरीच असतात. १९७९ साली मत्स्यशास्त्रज्ञ कुलांडर यांनी या दोन जातींचं वर्णन केलं, तेव्हापासून हा घोळ शौकिनांच्या पाचवीला पुजलेला आहे. नर ओळखताना भलेभले चुकतात, माद्यांचं तर विचारूच नका. तुमची कुठली मादी कुठल्या जातीची, हे तुम्ही खात्रीने सांगू शकाल का? खोचकपणे विचारत नाहीये, मलाही नुसत्या फोटोवरून सांगता येणार नाही.

तापमानाचाही प्रश्न आहे. रॅमसाठी तुम्ही २९ अंश ठेवलंय, रॅमला ते मानवतं. पण रोमर आणि बाइझेनहेर्त्स या संशोधकांनी १९९६ मध्ये तीसहून अधिक अपिस्टो जातींवरचं काम प्रसिद्ध केलं, त्यात पिल्लं नर होणार की मादी हे तापमानावर ठरतं असं दिसलं, आणि गरम पाण्यात बहुतेक जातींत नरांचं प्रमाण वाढतं. म्हणजे पिल्लं जगलीच, तर तुमच्या पदरात नरच जास्त पडणार, आणि मग भांडणं आणखी.

मी ‘ड्वार्फ सिक्लिड एकत्र ठेवूच नका’ असं म्हटलेलं नाही, दोन अपिस्टो जाती नकोत एवढंच म्हणतो. तुमच्या टाकीत मी एकच अपिस्टो ठेवीन, कॅकाटुओइडिस. त्याला जड पाणी त्यातल्या त्यात चालतं. एक नर, तीन माद्या. माद्यांपेक्षा जास्त करवंट्या, आणि त्यांची तोंडं एकमेकांसमोर न येतील अशा. मध्ये लाकूड आडवं टाकायचं, म्हणजे एकीला दुसरीचं दार दिसत नाही. देशी बदामाची वाळकी पानं भरपूर. सोबत हवीच असेल तर दुसऱ्या टोकाला मोकळी वाळू आणि चपटा दगड ठेवून बोलिव्हियन रॅमची एक जोडी. तो बिळात नाही, उघड्यावर अंडी घालतो आणि त्याला २५-२६ अंश पुरतात. वर पेन्सिलफिशचा थवा. पश्चिम आफ्रिकेचा क्रिबेन्सिस मात्र नको. ‘तोही ड्वार्फच’ म्हणून कुणीतरी गळ्यात मारेल, पण त्याची जोडी अर्धी टाकी बळकावते.

ब्लू रॅमसाठी दोन फुटी वेगळी टाकी लावा. आणि मॅकमास्टेरी-विएजिताच्या टाकीतून कधी पिल्लं निघालीच, तर ती तुमच्याकडेच राहू द्या. ग्रुपवर ‘विएजिता, घरचं ब्रीडिंग’ म्हणून देऊ नका. घेणारा पुढे त्याच नावाने दहा जणांना वाटतो. माद्यांचे पिवळ्या असतानाचे फोटो काढता आले तर पाठवा, दोन्ही बाजूंनी. निदान काही तर्क तरी करता येईल.