पावणेदोनची मेल

लातूरच्या गंजगोलाईत 16 रस्ते येऊन मिळतात, त्यातल्या कुठूनही माणूस बाहेर पडू शकतो. गोलाईतल्या एका कापड दुकानाच्या मेलमधून सुटायला मात्र एकच वाट, तीही तळाशी, फिकट करड्या अक्षरात, चष्मा पुसूनही दिसू नये अशी. मी नुसते टॉवेल घेतले होते. बिल मेलवर पाठवतो म्हणाले, दिला पत्ता. बिल आजतागायत आलं नाही. ‘प्रिय फर्स्टनेम’ मात्र रोज येतंय.

काल शेवटी दुकानातच गेलो. गल्ल्याशेजारी लॅपटॉप घेऊन बसलेल्या पोरानं माझा पत्ता टाकला आणि भरल्या दुकानात मोठ्यानं म्हणाला, “सर, बंद कशाला करताय? तुम्ही तर प्रत्येक मेल उघडता. ही बघा, लेडीज नाइटवेअरची. रात्री 1 वाजून 46 मिनिटांनी.”

साड्या उलगडणारे हात थांबले. गादीवर मांडी घालून बशीतून चहा ओढणारे एक पटकेवाले मामा वळले. “काय म्हणू लालाय हे पोरगं?”

पोरानं त्यांना अख्खा धंदाच समजावला. मेल दुकान पाठवत नाही, त्यासाठी वेगळी कंपनी असते. पैसे घेते, हजारो मेल एका दमात सोडते. प्रत्येकीत एका पिक्सेलचं, डोळ्यांना न दिसणारं चित्र असतं. मेल उघडली की ते कंपनीच्या सर्व्हरवरून मागवलं जातं आणि तिथं वेळेची नोंद पडते.

“म्हंजे गुरुजींनी चिठ्ठी वाचली की तुला कळतंय?”

“वेळेसकट.”

“बायकांच्या गाऊनची?” मामांनी बशी खाली ठेवली. “रातच्याला?”

मी झोपलो होतो हो! फोन ॲपलचा, मुलानं वापरून दिलेला. 2021 पासून ॲपलच्या मेलमध्ये गोपनीयतेची एक सोय आहे. ती चालू असली की आपण मेल उघडो न उघडो, ॲपलच ती चित्रं परस्पर मागवून ठेवतं. हे मी घसा कोरडा करून सांगितलं.

“आपोआप उघडतंय म्हणा की,” मामा म्हणाले. “माझा नातू बी असंच सांगतो.”

उभी हयात या गावात मास्तरकी केली. आणि माझ्या चारित्र्याचा दाखला कोण देणार, तर एक पिक्सेल! हे आकडे पोकळ आहेत हे त्या कंपन्यांनाही ठाऊक आहे, तरी रंगीत आलेख करून विकतात आणि दुकानदार पैसे मोजून बघत बसतात.

“आता स्पॅमच दाबतो,” मी म्हणालो. पोराचा चेहरा पडला.

“तसं नका करू सर!” फेब्रुवारी 2024 पासून जीमेल कडक झालंय म्हणे. तक्रारी 0.3 टक्क्यांवर, म्हणजे हजारात तिनावर गेल्या की मेल स्पॅममध्ये. त्यात एकाच सर्व्हरवरून कितीतरी दुकानांच्या मेल सुटतात, एकाचं पाप सगळ्यांना भोवतं, म्हणून कंपनी त्या दुकानाचं खातंच बंद करते. दिवसाला 5000 च्या वर पाठवणाऱ्यानं एका टिचकीत नाव काढायची सोय द्यायची, दोन दिवसांत काढायचं, हेही त्यालाच तोंडपाठ. मेल्या, मग काढत का नव्हतास?

“हजारात तीनच?” मामांनी दुकानभर नजर फिरवली. “गुरुजी एक. ओ पिशवीवाले, तुम्हाला बी येतंय का?”

पिशवीवाल्यानं हात वर केला. साड्यांच्या ढिगामागून एका बाईंनीही केला, आणि पोरगं ‘शेठ, ओ शेठ’ करत आत पळालं.