‘एका इंजेक्शनात नवी गादी’: त्या मेसेजमधलं खरं किती?

“गुडघ्याची वाटी बदलू नका! स्टेम सेलचं एक इंजेक्शन घ्या, झिजलेली गादी परत उगवते. पेशी स्वतःच्याच, म्हणून अपाय शून्य. सरकारमान्य. कुठल्याही वयात चालतं.” सोलापुरात घरोघरच्या ग्रुपांवर हे फिरतंय. (स्टेम सेल म्हणजे ज्यांपासून इतर पेशी तयार होऊ शकतात अशा मूळ पेशी.) मांडी घालून विड्या वळणाऱ्या बाया आणि यंत्रमागापुढे उभ्यानं पाळी काढणारे कामगार ज्या गावात आहेत, तिथं गिऱ्हाईक शोधावं लागत नाही.

आधी ‘सरकारमान्य’ घेऊ, कारण त्यात अर्धं खरं आहे. गुडघ्याच्या संधिवातासाठी बेंगळुरूच्या स्टेमप्यूटिक्स कंपनीच्या ‘स्टेमप्यूसेल’ या स्टेम सेल इंजेक्शनला 2022 मध्ये औषध महानियंत्रकांची मंजुरी मिळाली. पण त्या पेशी दात्यांच्या अस्थिमज्जेतून काढून प्रयोगशाळेत वाढवलेल्या, म्हणजे परक्या! तुमचीच मज्जा किंवा पोटाची चरबी काढून त्याच दिवशी गुडघ्यात टोचायची, याला ती मंजुरी लागू नाही.

गादी उगवते का? या गादीला, म्हणजे कूर्चेला, रक्तवाहिन्याच नसतात, म्हणून ती एकदा झिजली की सहसा भरून येत नाही. स्टेमप्यूसेलच्या चाचणीत दुखणं कमी झालं, वर्षभरात कूर्चा आणखी बिघडलेली दिसली नाही. ही जमेची बाजू, पण याला नवी गादी म्हणत नाहीत. उलट 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन चाचणीत सुमारे 475 रुग्णांवर स्वतःची मज्जा, स्वतःची चरबी आणि नाळेतल्या पेशी यांची तुलना साध्या स्टेरॉइड इंजेक्शनशी केली. वर्षानंतर दुखण्यात एकही सरस ठरलं नाही, एमआरआयमध्येही फरक नव्हता.

तरुण खेळाडूच्या कूर्चेला पडलेल्या खड्ड्यात त्याच्याच कूर्चापेशी वाढवून बसवतात, त्या उपचाराचे पहिले निष्कर्ष स्वीडनमधून 1994 मध्ये आले. त्या स्टेम सेल नव्हेत. मेसेज लिहिणाऱ्यानं दोन्हींची खिचडी केलीय.

‘अपाय शून्य’ तर नाहीच. सांध्यात सुई गेली की जंतुसंसर्गाचा धोका आला. 2018 मध्ये अमेरिकेत नाळेच्या रक्तापासून बनवलेल्या अशाच इंजेक्शनांनंतर 12 जणांना संसर्ग होऊन रुग्णालयात दाखल व्हावं लागलं.

आणि वयाचं म्हणाल, तर हाडावर हाड घासून पाय बाहेरून वाकले असतील, तर कुठलंही इंजेक्शन ते सरळ करत नाही.

कुणी सुचवलंच, तर उत्पादनाचं नाव, बॅच नंबर आणि पक्कं बिल मागा. ‘अजून चाचणी सुरू आहे’ असं उत्तर मिळालं, तर लेखी संमतिपत्र मागा. चाचणीतल्या उपचाराचे पैसे रुग्णाकडून घेता येत नाहीत.