ती फुली कुठंय हो?

सकाळी सव्वानऊला क्लायंटचा फोन. चहा अजून हातातच. "मॅडम, भाजणीच्या चकलीला आपण पहिल्या पानावर होतो ना? आता पार खाली गेलोय. दिवाळी तीन आठवड्यांवर आली. तुम्ही लक्ष देताय ना?"

लक्ष! दीड वर्ष झालं या माणसाच्या फराळाच्या वेबसाइटचं एसइओ करतेय, म्हणजे गूगलवर शोधलं की साइट वर दिसावी यासाठीचं काम. चकली, अनारसे, चिरोटे, एकेका पदार्थाचं पान बसून लिहून घेतलं, फोटो हलके केले, साधा डेटा असला तरी पान उघडेल असं केलं. लोक रेसिपी शोधत यायचे, वाचायचे, आणि त्यातले काही "जाऊ दे, विकतच आणू" म्हणून अर्धा किलो मागवायचे. बरं चाललं होतं. मग गणपतीत साहेबांच्या भाच्याने यूट्यूबवर कुठलासा व्हिडिओ पाहिला आणि मला न विचारता साइटवर एक प्लगिन, म्हणजे तयार जोड-प्रोग्रॅम, बसवलं. लीड, म्हणजे संभाव्य गिऱ्हाइकांचे नंबर, गोळा करायला म्हणे.

फोन ठेवला आणि मोबाइलवर तेच पान उघडलं. आधी खालून कुकीची पट्टी. मग 'नोटिफिकेशन पाठवू का?' त्याला नको म्हणेपर्यंत अख्खा स्क्रीन झाकून केशरी चौकोन, म्हणजे पॉपअप: पहिल्या ऑर्डरवर १० टक्के सूट, मोबाइल नंबर द्या. खाली दोन पर्याय. एक ठळक, 'हो, हवीय!' दुसरा मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत, 'नको, मला पैसे वाचवायचे नाहीत'. अहो, मोहन किती घालायचं ते बघायला आलेल्या बाईला टोमणे कसले मारता? बरं, ते 'नको' सुद्धा अर्धं व्हॉट्सॲपच्या हिरव्या गोळ्याखाली गेलेलं. आणि चौकोन बंद करायची फुली? केशरीवर फिकट केशरी फुली! रंग निवडणाऱ्याला हाताला धरून समोर बसवावं आणि म्हणावं, शोध.

चिडून तसाच फोन आईपुढे धरला. ती नेमकी चकल्याच करत होती, पहिला घाणा तेलात विरघळला होता, त्यामुळे तोंड आधीच उतरलेलं. "बघ गं, यात मोहनाचं काय लिहिलंय." हात भाजणीत, म्हणून तिने करंगळीने दाबलं. व्हॉट्सॲप उघडलं, आत मजकूर तयार: 'नमस्कार, मला ऑर्डर द्यायची आहे.' आई म्हणाली, "मी कुठं ऑर्डर दिली?" मागे आली, तर केशरी चौकोन पुन्हा हजर. तिने फोन मला परत दिला, स्क्रीनला पीठ लावून, आणि मावशीला फोन लावायला सांगितला. मावशीने अर्ध्या मिनिटात सांगितलं, मोहन जास्त झालंय, थोडी कोरडी भाजणी मिसळ. दीड वर्ष लिहून घेतलेल्या पानावर हे सगळं होतं हो. चौकोनाच्या मागे!

आता साहेबांचं पुढचं वाक्य मला पाठ आहे: "पण मॅडम, पॉपअपचा आणि रँकिंगचा काय संबंध?" गूगलने हे २३ ऑगस्ट २०१६ ला जाहीर केलं आणि १० जानेवारी २०१७ पासून लागू केलं. मोबाइलवर सर्चमधून माणूस पानावर आला आणि मजकुराआधी अख्खं पान झाकणारं काहीतरी समोर आलं, तर ते पान खाली जाऊ शकतं. त्याच्याही आधी, नोव्हेंबर २०१५ पासून, 'आमचं ॲप घ्या' म्हणून पान झाकणाऱ्यांना मोबाइलवर चालणाऱ्या पानांच्या यादीतून काढायला सुरुवात झाली होती. म्हणजे ही काही कालची बातमी नाही. भाचा तेव्हा शाळेत असेल.

आणि या नियमातून सूटही दिलीय की! कायद्यासाठी लागणारी कुकीची सूचना चालते. वयाची खात्री चालते. लॉगिनशिवाय दिसूच नये अशा मजकुरापुढची चौकट चालते. थोडी जागा घेणारी, सहज बंद होणारी पट्टी चालते. मी साहेबांना पट्टीच सुचवली होती. उत्तर आलं, "ती दिसत नाही हो नीट." दिसत नाही म्हणूनच लोक चकलीपर्यंत पोचतात!

खरं सांगायचं तर या नियमाचा मलाही राग आहे, कारण त्याला दात नाहीत. त्याच घोषणेत गूगलने लिहून ठेवलंय की मजकूर उत्तम आणि नेमका असेल तर पान तरीही वर राहू शकतं. झालं. मोठ्या साइटवाले निर्धास्त. साहेब मला त्यांचीच उदाहरणं दाखवतात, "त्यांनी लावलाय, ते तर वर आहेत." अहो, त्यांना लोक नावाने शोधत येतात. तुमची चाळीस पानं आहेत, त्यांच्याशी कशाला बरोबरी? आणि गूगल स्वतः काय करतं? ॲडसेन्समध्ये, म्हणजे त्यांच्या वेबसाइटवर जाहिराती लावायच्या सेवेत, एका पानावरून दुसऱ्यावर जाताना मधेच अख्खा स्क्रीन व्यापणारी जाहिरात तेच विकतात. सर्चमधून आल्या आल्या नाही ना येत, मग चालतंय. आपला तो बाब्या.

तेव्हा तुमचं रँकिंग फक्त या चौकोनाने पडलं असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण भाच्याच्या त्या प्लगिनने आणखी काय काय केलं ते ऐका. त्याचं ओझं प्रत्येक पानावर पडलं. मुख्य मजकूर अडीच सेकंदांच्या आत दिसावा अशी गूगलची अपेक्षा, आणि इथे आधी प्लगिनचा ढीगभर कोड उतरतो. वरून सरकत येणारी सवलतीची पट्टी सगळा मजकूर खाली ढकलते, ती उडी वेगळी मोजली जाते. २०२१ पासून हे सगळं रँकिंगच्या हिशोबात आहे. गूगलचा बॉट, म्हणजे पानं वाचत फिरणारा प्रोग्रॅम, काही तुमची फुली शोधत बसत नाही, पान उघडताना जे समोर येतं ते तो बघतो. त्याला चकलीच्या पानावर काय दिसणार? '१० टक्के सूट'!

आणि त्या टोमण्याबद्दल. आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला डार्क पॅटर्नची, म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या स्क्रीनवरच्या युक्त्यांची, मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात १३ प्रकार दिलेत. 'नको' म्हणणाऱ्याला लाजवणं हा त्यातला एक, पुन्हापुन्हा पिडणं हा दुसरा. मी हे साहेबांना पाठवलं. वाचल्याच्या निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही.

लीड किती मिळाले ते विचारलं शेवटी. २१२ नंबर. त्यातले कितीतरी ९९९९९ ने सुरू होणारे, एक सरळ १२३४५६७८९०. लोक फुली सापडत नाही म्हणून नंबर बनवून टाकतायत, आणि भाचा त्या नंबरांना दिवाळीच्या शुभेच्छा पाठवतोय.

आत्ता हे लिहितानाच साहेबांचा मेसेज आला. "मॅडम, तुमचं ऐकलं. पॉपअप काढला. आता भाच्याने लकी ड्रॉचं फिरतं चाक टाकलंय, जरा बघून घ्या."

बघितलं. फुली नाहीच.