गंडमचा गंडलेला सेनापती

युद्ध डोक्याने जिंकायचे असते, अशी माझी चाळिशीपर्यंत पक्की समजूत होती. टोकियोच्या निशी-कासाई भागात आमच्या शेजारी एक मराठी बिऱ्हाड राहते. त्या बिऱ्हाडातल्या दहा वर्षांच्या चिरंजीवांनी ती समजूत दोन शनिवारांत मोडीत काढली.

निमित्त झाले ते अकिहाबारातल्या एका जुन्या खेळांच्या दुकानातून मी आणलेल्या, फॅमिकॉम या निन्तेंदोच्या जुन्या व्हिडिओ गेम यंत्राच्या कॅसेटचे. (आमच्या लहानपणी तिला कॅसेटच म्हणत, आणि जपानी माणूसही 'कासेत्तो'च म्हणतो, त्यामुळे दुकानात माझी अब्रू राहिली.) 'एसडी गंडम वर्ल्ड गाचापॉन सेन्शी २: कॅप्सूल सेन्की' असे तिचे पंगतीत घेण्याच्या उखाण्याएवढे नाव असून ती १९८९ सालची आहे. १९७९ च्या 'मोबाइल सूट गंडम' या जपानी कार्टून मालिकेतला अठरा मीटर उंचीचा यंत्रमानव येथे मोठ्या डोक्याचा आणि आखूड पायांचा होऊन येतो, म्हणजे दिसतो बारशातल्या बाळासारखा आणि हातात बंदूक.

अर्धा खेळ माझ्या स्वभावाचा आहे. नकाशावर आळीपाळीने चाली करायच्या, शहरे ताब्यात घ्यायची, त्यांच्या उत्पन्नातून नवी यंत्रे बांधायची. मी यासाठी वही घातली होती आणि जमाखर्च मांडून, फराळाला हात न लावता, एक महागडा गंडम उभा केला होता. परंतु दोन शत्रू समोरासमोर आले की नकाशा नाहीसा होतो, दोघे एका पडद्यावर उतरतात आणि पुढचा सगळा निकाल अंगठ्यांच्या हाती जातो. माझा अंगठा आजवर मोबाइलवर 'शुभ सकाळ' पाठवण्यापलीकडे कधी गेलेला नाही.

पहिल्या शनिवारी हरल्यावर मी खापर दुसऱ्या कंट्रोलरवर फोडले, कारण त्यावर स्टार्ट आणि सिलेक्ट ही बटणेच नसतात. दोन्हींच्या वायरी यंत्रातच घट्ट बसवलेल्या आणि आखूड असल्यामुळे दुसऱ्या शनिवारी आम्हाला जागाच बदलाव्या लागल्या. आता पहिला कंट्रोलर माझा, गंडम माझा आणि समोर त्याचा एक साधा झाकू, म्हणजे मालिकेतल्या शत्रूपक्षाचा यंत्रमानव. मालिकेच्या पहिल्याच भागात आमुरो नावाचा पोरगा माहितीपुस्तिका चाळत गंडम चालवतो आणि दोन झाकू लोळवतो. माझ्याही मांडीवर पुस्तिका होती, फक्त ती जपानीत होती आणि मी चुकीचे पान उघडले होते.

"काका, एका जागी उभे राहू नका, हलत राहा," चिरंजीव म्हणाले. मी हललो, पण सोफ्यावर. पडद्यावरचा गंडम कोपऱ्यात तोंड करून उभाच राहिला. वहीच्या दोन पानांचा हिशेब डोळ्यांदेखत धुरात गेला, आणि समोर तो झाकू उभा असताना लाज कशी झाकू, असा प्रश्न मला पडला.

जागा बदलताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. बटणे नसलेल्या त्या दुसऱ्या कंट्रोलरवर मायक्रोफोन असतो आणि त्यात बोललेले टीव्हीच्या स्पीकरमधून बाहेर पडते. "काका हरले!" अशी घोषणा आमच्या जुन्या ठोकळ्या टीव्हीतून थेट स्वयंपाकघरापर्यंत पोहोचली.

"ऐकलं हो," आतून उत्तर आले. "हात मोकळे झाले असतील, तर कांदे चिरायला या."