रक्तवाढीच्या गोळ्या बंद करा म्हणे!

‘लोहाच्या गोळ्या आतड्यातले चांगले जिवाणू मारतात. उरलेले नळाच्या पाण्यातली अँटिबायोटिक्स मारतात. गोळ्या थांबवा, तांब्याच्या भांड्यातलं पाणी प्या, २१ दिवसांत आतडं शुद्ध.’ हे फॉरवर्ड घरच्या ग्रुपवर आलं आणि माझ्या भाचीने गोळ्या बंद केल्या. तिला सहावा महिना, हिमोग्लोबिन नऊच्या खाली. पाठवणारे नात्यातलेच, वर हात जोडलेले इमोजी.

आधी लोहाचं, कारण खरा घात तिथे आहे. यात अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करते. गोळीतलं थोडंच लोह अंगी लागतं, बाकीचं मोठ्या आतड्यात उतरतं. तिथे ई. कोलायसारखे जंतू त्यावर पोसतात. लॅक्टोबॅसिलससारख्या चांगल्या जिवाणूंचं मात्र लोहावाचून फारसं अडत नाही, म्हणून जादा लोहाचा त्यांना फायदा होत नाही. केनियात सहा महिन्यांच्या बाळांना चार महिने लोहाची पूड खाण्यातून दिली, तर रोगकारक जंतू वाढले आणि आतड्याला सूज आल्याच्या खुणा दिसल्या. ‘गट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१५ साली हा अभ्यास आला. पण ती तान्ही बाळं होती हो, गरोदर बाई नव्हे! शिवाय त्याच संशोधकांनी पुढे लोहाबरोबर एक विशिष्ट तंतुमय साखर देऊन पाहिली, तेव्हा हा त्रास बराच कमी झाला. लोह देणं सोडा, असं त्यांनी म्हटलेलं नाही.

आपल्याकडे २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत निम्म्याहून जास्त, ५२ टक्के गरोदर स्त्रियांना रक्तक्षय होता. आधीच रक्त कमी असलेल्या बाईला बाळंतपणातला रक्तस्राव झेपत नाही, बाळ अपुऱ्या दिवसांचं किंवा कमी वजनाचं होण्याची भीती वाढते. म्हणून सरकारी कार्यक्रमात रोज ६० मिलिग्रॅम लोहाची गोळी देतात. जिवाणूंची काळजी करणाऱ्यांनी जरा या बाईचीही करावी.

पाण्याचं थोडक्यात. हैदराबादजवळच्या पटानचेरूत औषध कारखान्यांच्या प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यात लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक सापडलं होतं. ती पाहणी २००७ची. भयंकरच आहे ते. अशा पाण्यात औषधाला दाद न देणारे जंतू तयार होतात. पण ते सांडपाणी, नळाचं पाणी नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१२च्या अहवालानुसार शुद्ध केलेल्या पिण्याच्या पाण्यात एखाद्या औषधाचा अंश सहसा लिटरमागे ०.०५ मायक्रोग्रॅमहूनही कमी असतो. म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या एका गोळीइतकं औषध पोटात जायला किमान एक कोटी लिटर पाणी प्यावं लागेल. सर्दीला मेडिकलमधून परस्पर आणलेली अँटिबायोटिक्स जिवाणूंचं कितीतरी जास्त नुकसान करतात, त्यावर फॉरवर्ड येत नाही.

तांब्याच्या भांड्यात रात्रभर ठेवलेल्या पाण्यातले काही जंतू मरतात, हे खरं. विरघळलेलं औषध त्याने निघत नाही. आणि लोह जंतू मारतं म्हणून वाईट, तांबं जंतू मारतं म्हणून चांगलं, हा कुठला न्याय? २१ दिवसांबद्दल मी बोलतच नाही.

गोळीने मळमळतं, बद्धकोष्ठ होतं, शौचाला काळं होतं, हे खरंच आहे. काळ्या रंगाने घाबरायचं कारण नाही. बाकी त्रास डॉक्टरांना सांगा, गोळी बदलून मिळते. ती लिंबूपाण्याबरोबर घ्या. चहा आणि कॅल्शियमची गोळी दोन तासांच्या अंतराने.